धानाच्या बांधीतून अमेरिकेचा इतिहास

(माध्यमिक शाळांतील इतिहास-शिक्षकांपुढे गोंदिया येथे दिलेले भाषण)



देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या हायस्कुलात इतिहासाचा तास चालू आहे, अशी कल्पना करावी. फळ्यावर मथळा आहे : 'अमेरिकेतील यादवी युद्ध, १८६१ ते १८६५'. गुरुजी कारणे सांगतात : गुलामगिरी, उत्तर व दक्षिण यांच्यातील आर्थिक भिन्नता, घटक राज्यांचे हक्क, लिंकनची निवडणूक. मुले ती उतरवून घेतात. पाचव्या वाक्यात लिंकन गुलामांना मुक्त करतो, सहाव्यात त्याचा खून होतो आणि घंटा वाजते. अभ्यासक्रम बदलत राहतात. कधी ह्या विषयाला स्वतंत्र धडा मिळतो, कधी दोन ओळींत त्याची बोळवण होते; परंतु महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा उल्लेख करताना तरी तो वर्गात येतोच. आणि येतो तो बहुधा असा, सहा वाक्यांत.

ह्या सहा वाक्यांत खोटे काही नाही. उणीव अशी, की युद्धापूर्वीची सत्तर वर्षे त्यांत नाहीत. एका प्रजासत्ताकाने, ज्याच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान जन्मतात असे लिहिले होते, त्याने ह्याच सत्तर वर्षांत गुलामांची संख्या सहापटीच्या जवळ नेली. १७९० च्या पहिल्या जनगणनेत गुलाम होते सुमारे ७ लाख. १८६० च्या जनगणनेत ३९ लाख ५० हजारांवर. परदेशातून गुलाम आणण्यास १ जानेवारी १८०८ पासून कायद्याने बंदी झाली होती, म्हणजे ही वाढ मुख्यतः त्याच भूमीवर जन्मलेल्या मुलांची. व्हर्जिनिया-मेरीलँडकडील जमिनी तंबाखूने थकल्या, तेव्हा तेथील मालकांनी माणसे दक्षिणेकडे व पश्चिमेकडे विकावयास आरंभ केला. १७९० ते १८६० ह्या काळात असे सुमारे १० लाख लोक आपल्या गावातून, आपल्या नात्यागोत्यातून उचलले गेले. विद्यार्थ्याला हे न सांगता 'लिंकनने गुलाम मुक्त केले' एवढेच सांगितले, तर मुक्त केले कशातून, हा प्रश्न तसाच राहतो.

अमेरिकेच्या ह्या इतिहासाचे नाते विदर्भाशी जोडावयाचे झाले, की बहुतेकांना कापूस आठवतो. ते साहजिक आहे. एली व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र १७९३ चे. त्यानंतर दक्षिणेकडील कापसाचे पीक इतके फोफावले, की १८६० च्या सुमारास वर्षाला ४० लाख गाठी निघू लागल्या आणि त्या देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या गिरण्या बसल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले, मुंबईचे शेअरवाले बुडाले. अमरावती-अकोल्याच्या शिक्षकाला हे उदाहरण आयतेच मिळते. गोंदियाचे विद्यार्थी मात्र कापसाची बोंडे वेचत मोठे झालेले नाहीत. त्यांना पऱ्हे ठाऊक आहेत, बांधी ठाऊक आहे, श्रावणातली रोवणी ठाऊक आहे. मग गोंदियात हा विषय शिकवण्याचा दरवाजा कापसातून न उघडता धानातून उघडला, तर?

तसा दरवाजा आहे, आणि तो ओढूनताणून केलेला नाही. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया ह्या राज्यांच्या किनाऱ्यालगत, समुद्राच्या भरतीने नद्यांचे गोडे पाणी जेथवर फुगते त्या दलदलींत, अठराव्या शतकापासून धान पिकत होते. 'कॅरोलिना गोल्ड' ह्या नावाचा तांदूळ युरोपच्या बाजारात नावाजलेला होता. हे धान पिकवणारी माणसे गुलाम होती, आणि त्यांतील अनेकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेच्या धान पिकवणाऱ्या मुलखांतून आणलेले होते. धानशेतीचे किती ज्ञान आफ्रिकेतून आले व किती मालकांनी येथे प्रयोगाने मिळवले, ह्यावर विद्वानांत वाद आहे. परंतु दलदलीतली जंगले कोणी तोडली, मैलोन्‌मैल बांध कोणी घातले, पाणी आत घेण्याची व बाहेर सोडण्याची लाकडी दारे कोणी बसवली, ह्यावर वाद नाही.

नवेगावबांधच्या तलावाची पाळ पाहिलेल्या मुलाला हे चित्र समजावयास वेळ लागणार नाही. पाळ घालणे म्हणजे काय, पाणी केव्हा घ्यावे व केव्हा तोडावे, एका ठिकाणी बांध फुटला तर किती जणांचे धान जाते, हे त्याला घरीच ऐकावयास मिळते. कॅरोलिनात रोवणी नव्हती. वसंतात ओळींत बी पेरीत. मग पाणी भरणे, पाणी काढणे, चिखलात उभे राहून कुदळीने निंदण करणे, पुन्हा पाणी भरणे. ऑगस्टच्या अखेरीपासून विळ्याने कापणी. यंत्रावर चालणाऱ्या गिरण्या येईपर्यंत भात सडावयाचे ते झाडाच्या बुंध्यातून कोरलेल्या उखळात, मुसळाने. आणि ते काम दिवसभराच्या दुसऱ्या कामावर आणखी. येथील मुलींच्या आज्यांनी ढेकीवर धान कांडलेले आहे. त्यांना उखळ म्हणजे काय ते पुस्तकात चित्र काढून दाखवावे लागत नाही.

धानाच्या मळ्यांवर कामाची पद्धतही वेगळी होती. कापसाच्या मळ्यावर टोळी करून सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत राबवीत आणि रात्री वेचलेला कापूस तोलून कमी भरला तर फटके देत; सॉलोमन नॉर्थप ह्या मुक्त माणसाला पळवून नेऊन गुलाम केले गेले होते, त्याच्या १८५३ च्या आत्मकथनात ह्या तोलाचे वर्णन आहे. धानाच्या मळ्यावर प्रत्येकाला दिवसाचा तुकडा नेमून दिलेला असे. निंदणासाठी तो साधारणतः पाव एकराचा असे. तुकडा झाला, की उरलेला वेळ आपला. ठेक्याने रोवणी करणाऱ्या बायांच्या घरच्या मुलांना ह्यातली खोच लगेच कळेल : काम लवकर आटपण्याची मुभा आहे, आणि तुकडा किती मोठा हे ठरवणारा मात्र दुसराच आहे. त्या उरलेल्या वेळात गुलामांनी भाजीपाला लावला, कोंबड्या पाळल्या, थोडी चीजवस्तू जमवली. एवढ्यावरून काही इतिहासकारांना धानाचे मळे सुसह्य वाटले. त्यांनी त्या मळ्यांवरील मृत्यूंच्या नोंदीही पाहावयास हव्या होत्या. साचलेले पाणी, हिवताप, हगवण. उन्हाळा लागला, की मालक कुटुंबासह शहरात किंवा डोंगरात निघून जाई आणि मळ्यावर राहत ते कामकरी व मुकादम. अनेक मळ्यांवर जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले वयात येण्यापूर्वीच मरत. जॉर्जटाऊन हा कॅरोलिनाचा धानाचा जिल्हा. युद्धापूर्वी तेथील शंभर माणसांत सुमारे ८५ गुलाम होती.

येथवर आल्यावर वर्गापुढे एक हिशेब ठेवावा. पिअर्स बटलर हा फिलाडेल्फियात राहणारा गृहस्थ जॉर्जियातील धानाच्या व कापसाच्या मळ्यांचा वारस होता. सट्ट्यात त्याने पैसे घालवले आणि कर्जदार दाराशी आले. तेव्हा २ व ३ मार्च १८५९ रोजी सव्हाना शहराबाहेरील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्याच्या मालकीची माणसे लिलावात काढण्यात आली. यादीत ४३६ नावे होती. लिलावापूर्वी त्यांना घोड्यांच्या पागांत ठेवले होते. दोन्ही दिवस पाऊस होता. यादीतले पहिले कुटुंब चौघांचे : बाप जॉर्ज, वय २७, कापसाच्या कामात वाकबगार, आई सू, वय २६, धानाच्या कामात वाकबगार, मुलगा ६ वर्षांचा, दुसरा २ वर्षांचा. भाव दरडोई ६२० डॉलर. चौघांचे मिळून किती, हा गुणाकार सातवीतला मुलगाही करील. एकूण विक्री झाली ३ लाख ३ हजार ८५० डॉलरची. नवरा-बायको आणि लहान मुले यांची ताटातूट करावयाची नाही, असे ठरले होते. म्हातारे आईबाप, भाऊबहिणी, ठरलेल्या सोयरिकी यांना तो नियम लागू नव्हता. विक्री झाल्यावर मालकाने प्रत्येकाच्या हातावर एकेक डॉलर ठेवला.

ह्या एका हिशेबात सगळे आहे. सू हिने काही गुन्हा केला नव्हता. तिचा मालक तिच्यावर रागावलेलाही नव्हता. तो कर्जात होता, एवढेच. शाळेत गुलामगिरी शिकवताना चाबूक दाखवला जातो, आणि चाबूक होताच. परंतु चाबकावर भर दिला, की मुलांना वाटते, हा काही दुष्ट माणसांचा प्रताप. मालक दयाळू असता तर बरे झाले असते. दयाळू मालकाचेही कर्ज थकू शकते, दयाळू मालकही मरतो आणि त्याच्या वारसांत वाटणी होते. गुलामांवर कर्ज काढता येई, त्यांना गहाण ठेवता येई, ते हुंड्यात देता येत. दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे चौथा हिस्सा कुटुंबेच प्रत्यक्ष गुलामांची मालक होती. बाकीचे दलाल, सावकार, गस्तवाले, विमेवाले, नाही तर कधी तरी आपणही एखादा गुलाम विकत घेऊ ह्या आशेवरचे. उत्तरेतल्या न्यूयॉर्कच्या पेढ्या आणि इंग्लंडातल्या लिव्हरपूलचे व्यापारी ह्याच साखळीत होते. बटलर तर उत्तरेतल्याच शहरात राहत होता.

अर्थशास्त्रज्ञांनी ह्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे, आणि त्यांच्या वादातून शिक्षकाने एक गोष्ट अवश्य उचलावी. विसाव्या शतकाच्या आरंभी यू. बी. फिलिप्स ह्या इतिहासकाराने असे मांडले, की गुलामगिरी हा तोट्याचा व्यवहार होता, मालकांनी तो काहीसा पालकत्वाच्या भावनेने चालवला. हे मत चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत होते. त्याचा एक सोयीचा अर्थ असा, की युद्ध झाले नसते तरी ही प्रथा आपोआप गळून पडली असती. १९५८ मध्ये कॉनराड व मेयर यांनी आकडेमोड करून दाखवले, की गुलामांत गुंतवलेल्या पैशावरचा परतावा दुसऱ्या धंद्यांइतकाच चांगला होता. १९७४ मध्ये फोगेल व एंगरमन यांनी त्याही पुढे जाऊन मळ्यांच्या कार्यक्षमतेची गणिते मांडली. ती मांडताना गुलामांच्या आहाराबद्दल व शिक्षांबद्दल त्यांनी जी विधाने केली, त्यांवर हर्बर्ट गटमनसारख्यांनी कडाडून टीका केली, आणि ती योग्य होती. सरासरी माणशी किती फटके, हा आकडा काढणाऱ्याला हे कळावयास हवे होते, की एकाला मारलेले फटके भोवतालच्या सगळ्यांसाठी असतात. तरी मुख्य निष्कर्ष टिकला : गुलामगिरी फायद्याची होती आणि १८६० मध्ये ती मरणपंथाला लागलेली नव्हती. गुलामांच्या किमती चढत्या होत्या. ज्या मालमत्तेची किंमत चढते आहे, ती मालक आपण होऊन सोडत नाही. ती सोडवावी लागते.

सोडवण्याचे राजकारण कसे झाले, त्याच्या कायद्यांची यादी मुलांकडून पाठ करून घेण्यात हशील नाही. १७८७ च्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द न वापरता गुलामांची मोजणी तीनपंचमांश धरली गेली. १८२० चा मिसुरी समझोता, १८५० चा पळालेल्यांना पकडून देण्याचा कायदा, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, ह्या पायऱ्या नकाशावर एकदा दाखवल्या की पुरे. एका तारखेवर मात्र थांबावे. मार्च १८५७ मध्ये, मीरतच्या शिपायांच्या उठावाआधी दोन महिने, ड्रेड स्कॉट ह्या गुलामाच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आफ्रिकन वंशाचा माणूस त्या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. न्यायासनावर बसलेले लोक अडाणी नव्हते. कायदा आणि न्याय ह्या दोन वस्तू निराळ्या असू शकतात, हे समजावयास चौदा-पंधरा वर्षांचे वय लहान नाही.

आता अक्षरांची गोष्ट. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर ह्या साक्षर गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. त्यानंतर दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना वाचावयास शिकवणे हा गुन्हा ठरवणारे कायदे झाले किंवा असलेले कडक केले गेले. मेरीलँडचा फ्रेडरिक डग्लस लहान असताना मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवावयास आरंभ केला आणि मालकाने तिला थांबवले. शिकलेला गुलाम हाती राहत नाही, हे त्याचे कारण मुलाने ऐकले. पुढे रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन तो त्यांच्याकडून अक्षरे शिकला, १८३८ मध्ये निसटला आणि १८४५ मध्ये त्याने आपले आत्मकथन छापले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४८ मध्ये, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांची मुलींची शाळा सुरू झाली. दोन्ही घटना एकाच तासात, एकाच फळ्यावर लिहाव्यात. अक्षरांना कोण भितो, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. आठ वर्षांपूर्वी संपलेल्या, सातासमुद्रापलीकडच्या घटनेचा अर्थ पुण्यात बसून त्यांनी लावला, ही दृष्टी असाधारण होती. वर्गात मात्र ह्या अर्पणपत्रिकेचा उपयोग अनेकदा उलटा होतो. चांगल्या गोऱ्या लोकांनी गुलामांना मोकळे केले, एवढेच हाती राहते. फुल्यांनी पुण्यातल्या उच्चवर्णीयांना लाजवण्यासाठी जे लिहिले, ते मुलांनी संपूर्ण इतिहास म्हणून घेऊ नये. हॅरिएट टबमन १८४९ मध्ये स्वतः पळाली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन आपल्या माणसांना घेऊन आली. युद्धात उत्तरेची फौज जवळ येताच हजारो गुलाम मळे सोडून छावण्यांत दाखल झाले, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या सैन्यात लढले. मुक्ती दानात मिळालेली नाही.

डॉ. आंबेडकरांचा धागा तर ह्याच भूमीतून जातो. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते उभे होते आणि पराभूत झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. त्याच द्विसदस्य मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, ही त्या पोटनिवडणुकीची दुसरी बाजू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रे मागवली होती. गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी आपल्या लेखनात तपशिलाने केली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने तिची काळजी घेण्यात मालकाचा स्वार्थ होता; अस्पृश्याच्या जगण्या-मरण्यात कोणाचाच स्वार्थ नव्हता, म्हणून अस्पृश्यता अधिक निर्दय. अस्पृश्यतेचे हे निदान बिनतोड आहे. गुलामगिरीविषयीचा भाग मात्र धानाच्या मळ्यांवर तपासून पाहावा. तेथे मालकाचा स्वार्थ असूनही मुले मरतच होती, कारण दलदलीतून मिळणारा नफा त्या मृत्यूंची किंमत वळती करूनही उरत होता. बाबासाहेबांना दोन दुःखांची उंची मोजावयाची नव्हती. आपल्या देशातली व्यवस्था गुलामगिरीपेक्षा सौम्य होती, असे म्हणून समाधान मानणाऱ्यांना त्यांना उत्तर द्यावयाचे होते. हा मतभेद वर्गात उघडपणे मांडावा. थोर पुरुषाचे म्हणणे तपासून पाहणे हा त्याचा अवमान नव्हे, हे मुलांनी कोठे तरी शिकावयास हवेच.

येथून पुढचा भाग नाजूक आहे. गोंदियाच्या एका वर्गात, एका बाकावर मालगुजाराचा पणतू बसलेला असू शकतो आणि मागच्या बाकावर त्याच वाड्यावर वेठ केलेल्याची पणती. गुलामगिरीचा धडा निघाला, की दोघांच्याही मनात काही हलणार. अमेरिकेतील शाळांत काही शिक्षकांनी वर्गातच लुटुपुटीचा लिलाव मांडला, कृष्णवर्णीय मुलांना उभे केले आणि मग पालकांचा योग्य तो संताप ओढवून घेतला. झाडीपट्टीला नाटकाचे वेड आहे; येथील उत्साही शिक्षकाला हा मोह सहज होईल. तो टाळावा. एखाद्या मुलाला 'तुझ्या आज्याला विचार, सालगडी असताना काय सोसले' असे सर्वांसमक्ष सांगणे, हेही त्याला फळ्यापाशी उभे करण्यासारखेच आहे. अमेरिकेत १९३६ ते १९३८ ह्या काळात सरकारी योजनेतून एकेकाळच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, आणि म्हातारी माणसे त्यांच्यापुढे पुष्कळदा मालकाविषयी बरेच बोलली. विचारणारा कोण, ह्यावर उत्तर अवलंबून असते. गावातल्या जुन्या माणसांकडे मुलांना पाठवावयाचे तर सगळ्यांना एकच साधा प्रश्न द्यावा : तलावाची पाळ फुटली तर ती बांधावयास कोण जात असे, आणि मजुरी कोण देत असे? उत्तरे आपोआप वेगवेगळी येतील.

सालगडी आणि गुलाम एक नव्हेत, हेही स्वच्छ सांगावे. सालगड्याचा करार पाडव्याला होतो व पाडव्याला संपतो. त्याचे मूल मालकाच्या मालमत्तेत जमा होत नाही. त्याला लिलावात काढता येत नाही. कर्ज फिटले नाही म्हणून करार वर्षानुवर्षे लांबत गेला आणि बापाचे कर्ज मुलाने फेडावयाचे ठरले, की ती वेठबिगारी होते. तिला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. हिंदुस्थानात कंपनी सरकारने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ मध्येच काढून घेतली होती, म्हणजे अमेरिकेच्या बावीस वर्षे आधी. कागदावर आधी सुटलेला देश वेठ बंद करणारा कायदा १९७६ मध्ये करतो, हे कोडे वर्गाला घालण्याजोगे आहे. फरक झाकून सगळ्यालाच गुलामगिरी म्हटले, की मुलांना राग येतो. समज येत नाही.

पाठ्यपुस्तके कोण लिहितो, हाही ह्याच विषयाचा भाग. युद्धात दक्षिण हरली, परंतु पुढची कित्येक दशके दक्षिणेच्या शाळांत तिचीच गोष्ट शिकवली गेली. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या, दक्षिणेच्या सैनिकांच्या लेकी-नातींच्या संघटनेने क्रमिक पुस्तकांवर बारीक नजर ठेवली : गुलाम सुखी होते, मालक प्रेमळ होते, युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण ह्या पुस्तकांचा समाचार घेण्यासाठीच खर्च केले. हा वाद संपलेला नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने नव्या अभ्यासक्रमात असे वाक्य घातले, की गुलामांनी काही कौशल्ये मिळवली आणि काही वेळा ती त्यांच्या व्यक्तिगत फायद्याची ठरली. मोठी टीका झाली. सू धानाच्या कामात वाकबगार होती हे खरेच. त्या कौशल्याने तिची लिलावातली किंमत वाढली. मालगुजार मायबाप होता, दुष्काळात त्याने कोठार उघडले, ही वाक्ये गोंदियाच्या गावांतूनही ऐकू येतात, आणि कोठे कोठे ती खरीही असतील. कोठारात धान आले कोठून, एवढे विचारावयास हरकत नसावी.

ह्या विषयाला तीन तास मिळाले, तर तिसरा तास जमिनीला द्यावा. ज्या वर्षांत अमेरिकेत माणसांवरची मालकी मोडत होती, त्याच १८६० नंतरच्या दशकात मध्य प्रांतात, रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना, इंग्रज सरकार मालगुजारांना गावांच्या जमिनीची मालकी बहाल करीत होते. एकीकडे मालमत्ता मोडली जात होती, दुसरीकडे नवी घडवली जात होती. १६ जानेवारी १८६५ रोजी जनरल शर्मनने हुकूम काढला : चार्ल्सटनपासून दक्षिणेकडचा किनारा, त्यालगतची बेटे आणि नद्यांकाठची सोडून दिलेली धानाची शेते मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत द्यावीत. हुकुमात धानाच्या शेतांचा उल्लेख नावाने आहे. सुमारे ४० हजार लोक त्या जमिनींवर बसले. त्यांनी बांध दुरुस्त केले, पेरण्या केल्या. त्याच वर्षी लिंकनच्या जागी आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने जुन्या मालकांना माफी दिली आणि बहुतेक जमीन त्यांना परत केली. ज्यांनी दलदलीतून शेत काढले होते, ते त्याच शेतात कराराने मजूर झाले.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. गावावरचे हक्क व तलाव सरकारकडे गेले. म्हणून तर त्यांना आज 'माजी मालगुजारी' किंवा मामा तलाव म्हणतात. सीर आणि खुदकाश्तीची जमीन मात्र मालगुजारांकडेच राहिली. तिसऱ्या तासाला शिक्षकाने गावाचा नकाशा भिंतीवर लावावा, तलाठ्याकडून मिळाला तर उत्तमच, आणि तलावाच्या पाळीखालची, पाणी आधी पोहोचणारी बांधी कोणाच्या नावावर आहे ते मुलांना शोधू द्यावे. शेजारी कॅरोलिनाच्या किनाऱ्याचा नकाशा असावा. परीक्षेत यावर प्रश्न येणार नाही, अशी तक्रार होईल. ती खरी आहे. चार कारणे आणि सहा वाक्ये शेवटच्या दहा मिनिटांत उतरवून द्यावीत. त्यांना तेवढा वेळ पुरतो.